युनिक्स आणि लिनक्स: आज्ञा सारख्या, घराणी वेगळी

युनिक्स आणि लिनक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम). टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून प्रणालीचं नाव विचारणारी ‘यूनेम’ ही आज्ञा द्या. लिनक्सवर उत्तर येतं ‘लिनक्स’, मॅकवर ‘डार्विन’, म्हणजे मॅकच्या प्रणालीच्या गाभ्याचं नाव. पण एलएस (फाइलींची यादी), कॅट (फाइल दाखवणं), ग्रेप (मजकूर शोधणं) या आज्ञा दोन्हीकडे जवळपास तशाच चालतात. त्यामुळेच ‘लिनक्स म्हणजे फुकटचं युनिक्स’ असं सर्रास म्हटलं जातं. मला ते फार खटकतं, कारण लिनक्सचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, युनिक्सच्या कोडवरून घेतलेला नाही.

युनिक्स १९६९ चं. ‘मल्टिक्स’ या प्रणालीच्या अवाढव्य प्रकल्पातून एटी अँड टी या अमेरिकी दूरध्वनी कंपनीची प्रयोगशाळा बेल लॅब्स बाहेर पडली आणि केन थॉम्प्सन, डेनिस रिची यांनी एका लहानशा पीडीपी-७ यंत्रावर स्वतःची सुटसुटीत प्रणाली उभी केली. ‘मल्टी’च्या जागी ‘युनि’, म्हणजे नाव मुळात शब्दावरची कोटी. तिचं श्रेय त्यांचे सहकारी ब्रायन कर्निगन यांना दिलं जातं. १९५६ च्या एका न्यायालयीन तडजोडीमुळे एटी अँड टीला संगणकाच्या धंद्यात उतरता येत नव्हतं. म्हणून युनिक्स मूळ कोडसकट विद्यापीठांकडे गेलं आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीत त्याला बीएसडी या आवृत्तीची फांदी फुटली.

लिनक्स १९९१ चं. हेलसिंकीतल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने कर्नल स्वतः लिहिला. त्याच्या मनातलं नाव ‘फ्रीक्स’ होतं. ‘लिनक्स’ हे नाव फाइली सर्व्हरवर ठेवणाऱ्या आरी लेमके यांनी फोल्डरला दिलं. आणि कर्नल म्हणजे सगळी प्रणाली नव्हे. लिनक्सवरचे एलएस, कॅट बहुतेक वेळा रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पातले असतात. त्या नावाचा अर्थच मुळी ‘जीएनयू युनिक्स नव्हे’!

खरा घोळ मात्र ‘युनिक्स’ हा ट्रेडमार्क झाल्यामुळे होतो. तो द ओपन ग्रुप या संस्थेकडे आहे आणि चाचण्या पार करून प्रमाणपत्र घेणाऱ्यालाच लावता येतो. मॅकने ते २००७ मध्ये मिळवलं. फ्रीबीएसडी ही प्रणाली थेट बर्कलीच्या वंशातली, तरी प्रमाणपत्राअभावी ‘युनिक्ससदृश’ म्हणवून घेतं. रक्ताचं नातं असून आडनाव नाही, याची मला खरंच हळहळ वाटते.

घराणं वेगळं असल्याचा चटका स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची यादी असलेली फाइल, लिहिताना बसतो. फाइल जागच्या जागी बदलायला लिनक्सवर मजकूर बदलणाऱ्या ‘सेड’ या आज्ञेला नुसता ‘आय’ हा पर्याय दिला की भागतं. मॅकवरचा सेड बीएसडीच्या परंपरेतला. त्याला ‘आय’नंतर जुन्या प्रतीच्या नावाला जोडायचं शेपूट लागतं, प्रत नको असेल तर निदान रिकामं अवतरण. ते विसरलात, तर पुढची आज्ञाच तो शेपूट समजतो आणि स्क्रिप्ट तिथेच अडते.