वेल्डिंगचे यूव्ही किरण आणि त्वचेचे दूरगामी धोके

आर्क वेल्डिंगच्या (विजेच्या ज्वाळेने, म्हणजे आर्कने, धातू वितळवून जोडणं) झगझगीत उजेडात डोळ्याला न दिसणारे यूव्ही म्हणजे अतिनील किरणही भरपूर असतात, ए, बी आणि सी तिन्ही प्रकारचे. उन्हातला सी प्रकार (100 ते 280 नॅनोमीटर) वरच्या ओझोनमध्येच अडकतो, जमिनीपर्यंत पोचतच नाही, पण आर्क हातभर अंतरावर पेटलेला असतो त्यामुळे इथे तो थेट अंगावर येतो. ॲल्युमिनियमवर आर्गॉन वायू लावून मिग (तार आपोआप पुढे सरकणारं आर्क वेल्डिंग) करताना तर यूव्ही फारच तीव्र असतो.

उघडी कातडी काही मिनिटांतही भाजू शकते, पण ते कळतं काही तासांनी, मग लाली, आग आणि नंतर साली निघणं. जागा ठरलेल्या: वरचं बटण उघडं असलं की गळ्याखाली लाल त्रिकोण, हातमोजा आणि बाहीच्या मधली मनगटाची पट्टी, आणि भिंतीवरून परतलेल्या किरणांनी हेल्मेटमागची मान. जॉब (जोडायचा तुकडा) धरून उभा राहणारा हेल्परही यातून सुटत नाही.

हे भाजणं बरं होतं, खरा प्रश्न न भाजता रोज थोडाथोडा लागणाऱ्या डोसचा आहे. बी किरण पेशींच्या डीएनएत बिघाड करतात, शरीर बराचसा दुरुस्त करतं पण सगळा नाही, आणि ए किरण खोल जाऊन कोलॅजन (कातडीला घट्ट ठेवणारं प्रथिन) खराब करतात, म्हणून वर्षानुवर्षं असं चाललं तर कातडी अकाली सुरकुतते, काळे डाग पडतात, आणि खरखरीत चट्टेही येऊ शकतात (ॲक्टिनिक केराटोसिस), ज्यातले थोडे पुढे कॅन्सरकडे वळतात.

आता कॅन्सरबद्दल, कारण इथे लोक दोन्ही बाजूंनी ठोकून बोलतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयएआरसी या कॅन्सर संशोधन संस्थेने 2017 मध्ये वेल्डिंगच्या यूव्हीला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कॅन्सर करतं हे पक्कं, पण तो पक्का पुरावा डोळ्यातल्या मेलानोमाचा (रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा कॅन्सर) आहे. वेल्डरांच्या त्वचेच्या कॅन्सरच्या सुट्या केसेस नोंदल्या गेल्यात, पण एकूण पुरावा तेवढा भक्कम नाही, त्यात बरेच वेल्डर उन्हातही काम करतात, मग दोष कुणाचा हे वेगळं काढणं अवघडच.

बचावाला जाड, घट्ट विणीचं गडद सुती कापड किंवा चामड्याचं जॅकेट. पातळ फिकट टीशर्टातून किरण आत येतात आणि पॉलिस्टर ठिणगीने वितळून अंगाला चिकटतं. सनस्क्रीन हे कपड्याला पर्याय नाही. डॉक्सिसायक्लिनसारख्या (एक अँटिबायोटिक) गोळ्या चालू असतील तर कातडी आणखी लवकर भाजते. काही आठवडे न भरणारी जखम किंवा रंग-आकार बदलणारा तीळ दिसला तर त्वचेच्या डॉक्टरला दाखवायचा, आणि वेल्डिंग करतो हे आपणहून सांगायचं.