भिरंड : परसबागेतील निवड आणि लागवड

भिरंड, म्हणजे महाराष्ट्रात कोकम किंवा रातांबा म्हणून ओळखले जाणारे सदाहरित झाड (शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका), मूळचे पश्चिम घाटाच्या पट्ट्यातील असून गोव्यात ते रानात, कुळागरात (सुपारी, नारळ इत्यादींच्या मिश्र बागेत) आणि घराच्या परसातही आढळते. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यांच्या १५६३ साली गोव्यातच छापलेल्या ग्रंथात या फळाचा उल्लेख येतो. जांभ्या दगडाची जमीन आणि भरपूर पाऊस या झाडाला मानवतो, त्यामुळे त्याला जगवणे अवघड नाही. अवघड आहे ते रोप निवडणे.

भिरंडात नर आणि मादी फुले बहुधा वेगवेगळ्या झाडांवर येतात. बियांपासून केलेल्या रोपांपैकी सुमारे निम्मी नर निघतात, पण पानांवरून किंवा खोडावरून ती ओळखता येत नाहीत. पहिला फुलोरा येईपर्यंत, म्हणजे सात-आठ वर्षे, वाट पाहावी लागते. फुले साधारणपणे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत येतात. नर फुले झुबक्याने लागतात आणि त्यांच्या मध्यभागी पुंकेसरांचा दाट गोळा दिसतो; मादी फूल बहुधा एकटे असते आणि त्याच्या मध्यभागी छोट्या फळासारखा टपोरा बीजकोश असतो. एकाच झाडाची जागा असलेल्या परसात आठ वर्षे वाढवलेले झाड नर निघाले, तर त्याचा उपयोग सावलीपुरताच राहतो. म्हणून चांगले फळ देणाऱ्या माहितीच्या मादी झाडाच्या काडीचे कलम घेणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ व ‘कोकण हातीस’ हे वाण दिले आहेत. बागेच्या आसपास रानातली नर झाडे नसतील, तर मोठ्या लागवडीत परागीकरणासाठी काही नर झाडे मुद्दाम राखतात.

कलम घेताना काडी कोठून घेतली होती हेही विचारावे. उभ्या वाढणाऱ्या शेंड्याच्या काडीचे कलम सरळ वाढते, तर आडव्या फांदीच्या काडीचे कलम जमिनीलगत पसरते आणि त्याला आकार देण्यात पुढची वर्षे जातात. पिशवीतील कलमाचा सांधा भरून आलेला आहे आणि त्याच्या खाली खुंटाला (ज्यावर काडी बांधली त्या बियांच्या रोपाला) फूट नाही, याची खात्री करावी. लावल्यावरही खुंटाची अशी फूट दिसेल तेव्हा काढून टाकावी. ती राहिली, तर कलम मागे पडून बियांचेच झाड वाढीस लागते.

लागवड पावसाच्या सुरुवातीला करावी. खड्डा सुमारे ६० सेंमी. लांब, रुंद व खोल घेऊन त्यात माती आणि कुजलेले शेणखत भरतात. दोन झाडांत सहा मीटर अंतर ठेवतात. सांधा मातीत गाडू नये, आणि पाणी बुंध्याशी साचू देऊ नये. कोवळ्या झाडाला ऊन सोसत नाही, त्यामुळे पहिल्या दोन उन्हाळ्यांत नारळाच्या चुडतांची सावली करून, बुंध्याशी पालापाचोळा घालून थोडे थोडे पाणी द्यावे लागते. माडांच्या सावलीत वाढणाऱ्या कलमाला ही काळजी कमी लागते. कलमाला चौथ्या-पाचव्या वर्षापासून फळे धरू लागतात.

फळे एप्रिल-मेमध्ये टप्प्याटप्प्याने पिकतात. हिरवे फळ आधी लालसर आणि मग गडद जांभळट लाल होते, तेव्हा ते काढतात. सालींना मीठ व फळाचाच रस पुन्हा पुन्हा चोळून त्या उन्हात वाळवल्या की सोलां (आमसुले) तयार होतात, आणि एवढे ऊन पाऊस येण्याआधीच मिळते. म्हणून उशिरा पिकणाऱ्या झाडाची फळे बरेचदा आगळासाठी (मीठ घातलेल्या रसासाठी) वापरावी लागतात. बिया मात्र वाया जात नाहीत. त्यांपासून मिळणारे, एरवीही घट्ट राहणारे भिरंडेल हे तेल भेगाळलेल्या टाचांना लावतात.