निर्मूलनवादी वेगळे, विस्तारविरोधी वेगळे

अमेरिकन यादवी युद्धाचा विषय निघाला की एक ठरलेलं वाक्य कानावर पडतं: उत्तरेला गुलामगिरी संपवायची होती, दक्षिणेला टिकवायची होती, म्हणून लढाई जुंपली. दक्षिणेबद्दलचा भाग बरोबर आहे. उत्तरेबद्दलचा भाग मात्र दोन वेगळ्या जातकुळीच्या लोकांना एकाच रांगेत उभं करतो, आणि मग १८६० साली नेमकं काय बिनसलं ते कळतच नाही.

आपल्याकडे हा समज रुजणं स्वाभाविक आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. तोवर अमेरिकेत गुलामगिरी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती होऊन आठ वर्षं झाली होती, त्यामुळे अर्पणपत्रिका यथायोग्यच आहे. पण युद्धाच्या शेवटावरून त्याची सुरुवात सांगायला गेलं की घोटाळा होतो.

निर्मूलनवादी बहुतेकांना माहीत असतात. विल्यम लॉइड गॅरिसन, त्यांचं १८३१ पासूनचं ‘लिबरेटर’ हे पत्र, स्वतः गुलामीतून पळून आलेले फ्रेडरिक डग्लस. मागणी सरळ होती: गुलामगिरी सगळीकडून आणि ताबडतोब जावी, मालकांना भरपाई न देता. गॅरिसननी तर ४ जुलै १८५४ ला भर सभेत राज्यघटनेची प्रत जाळली. हे लोक संख्येने थोडे होते आणि उत्तरेतही अनेकांच्या डोळ्यांत खुपत. एलायजा लव्हजॉय या संपादकाला १८३७ साली जमावाने ठार मारलं, ते इलिनॉयमधल्या आल्टन गावी, म्हणजे गुलामगिरी नसलेल्या राज्यात.

खरी गल्लत होते ती विस्तारविरोधकांबाबत. त्यांचं म्हणणं एवढंच, की जिथे गुलामगिरी आहे तिथे ती त्या राज्याची बाब, पण पश्चिमेकडच्या नव्या प्रदेशांत तिला पाय ठेवू द्यायचा नाही. मेक्सिकोशी युद्ध चालू असताना, १८४६ साली, पेनसिल्व्हेनियाच्या डेव्हिड विल्मट यांनी मेक्सिकोकडून मिळेल त्या भूमीत गुलामगिरीला बंदी असावी असा प्रस्ताव आणला. गुलामांविषयी आपल्याला फाजील कळवळा नाही, आपण स्वतंत्र गोऱ्या माणसाच्या हक्कासाठी बोलतोय, हे त्यांनी सभागृहात उघड सांगितलं होतं. प्रस्ताव सिनेटमध्ये अडला, पण मतं पक्षांनुसार न पडता प्रदेशांनुसार पडली. माझ्या मते फुटीची खरी तारीख शोधायची तर इथे शोधावी.

हे किती वेगळं प्रकरण होतं ते ऑरेगॉनमध्ये दिसतं. १८५७ साली तिथल्या मतदारांपुढे राज्यघटनेसोबत दोन प्रश्न होते: गुलामगिरी असावी का, आणि स्वतंत्र कृष्णवर्णीयांना राज्यात वसू द्यावं का. दोन्हींना नकार मिळाला. त्यातही दुसऱ्या प्रश्नावरचा नकार जास्त मतांचा. गुलामगिरी नको आणि गुलामही नकोत, मालकही नकोत, जमीन आम्हा गोऱ्या शेतकऱ्यांना हवी! याला निर्मूलनवाद म्हणणं म्हणजे कमाल आहे.

मग एवढ्या मवाळ मागणीने देश का फुटावा? कारण दक्षिणेच्या दृष्टीने ती मवाळ नव्हतीच. सिनेटमध्ये प्रत्येक राज्याचे दोन सदस्य. लोकसंख्येवर चालणाऱ्या कनिष्ठ सभागृहात उत्तर केव्हाच पुढे गेली होती, त्यामुळे दक्षिणेची सगळी भिस्त सिनेटवर. म्हणून १८२० साली मिसुरीला गुलामांचं राज्य म्हणून घेताना जोडीला मेन हे मुक्त, म्हणजे गुलामगिरी नसलेलं राज्य घेतलं आणि पश्चिमेकडच्या बाकीच्या लुइझियाना प्रदेशात ३६ अंश ३० मिनिटांच्या अक्षांशावर रेघ ओढली: तिच्या उत्तरेला गुलामगिरीला मनाई. १८५० साली कॅलिफोर्निया मुक्त राज्य म्हणून आलं आणि तराजू कलला. पुढची सगळी राज्यं मुक्तच येणार असतील तर दक्षिण कायमची अल्पमतात जाणार, हे कुणीही बोटांवर मोजून सांगू शकत होतं.

दुसरी गोष्ट पैशाची. १८६० साली दक्षिणेत जवळपास ४० लाख गुलाम होते, आणि मालकांच्या वहीत ती मालमत्ता होती. व्हर्जिनियातले मळेवाले आपले गुलाम मिसिसिपी, टेक्सासकडच्या कापसाच्या मळ्यांना विकत. नव्या जमिनी बंद झाल्या की हा बाजारही आज ना उद्या थंडावणार.

लिंकन यांना हे ठाऊक होतं. विस्तार थांबला की गुलामगिरी अखेरीस संपण्याच्या वाटेला लागेल, असं ते १८५८ साली जाहीरपणे बोलत होते. गुलामगिरी अन्याय आहे हेही ते म्हणत. पण असलेल्या राज्यांत तिला हात लावणार नाही, हे त्यांनी ४ मार्च १८६१ च्या पहिल्या अध्यक्षीय भाषणातही सांगितलं. तोवर दक्षिणेतली सात राज्यं संघातून बाहेर पडली होती. उलट डेलावेअर, मेरिलँड, केंटकी आणि मिसुरी ही गुलामांची राज्यं संघातच राहिली. ‘लिंकन निवडून आले, गुलाम मुक्त केले, म्हणून युद्ध’ हा क्रम म्हणूनच उलटा आहे. मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ चा, आणि तो या चार राज्यांना लागूही नव्हता.

मधल्या वर्षांत दोन्ही गटांना एकत्र ढकलायचं काम दक्षिणेनेच केलं. १८५० च्या पळपुट्या गुलामांच्या कायद्यात, धरून आणलेल्या माणसाला मालकाच्या हवाली केलं तर निवाडा करणाऱ्या आयुक्ताला १० डॉलर, सोडून दिलं तर ५! गुलामगिरीशी आपलं काही देणंघेणं नाही म्हणणाऱ्या बॉस्टनच्या माणसालाही आता ती आपल्या गल्लीत दिसू लागली. १८५४ साली सिनेटर स्टीफन डग्लस (वरच्या फ्रेडरिक डग्लसांशी संबंध नाही) यांच्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने १८२० ची रेघच पुसली आणि कॅन्ससमध्ये रक्त सांडलं. १८५७ साली ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात सरन्यायाधीश टॉनी यांनी नव्या प्रदेशांत गुलामगिरीला मनाई करायचा काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, अधिकारच नाही, असा निकाल दिला. म्हणजे विस्तारविरोधकांची एकुलती एक मागणीच बेकायदा ठरली.

आता ‘युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी झालं’ म्हणणाऱ्यांबद्दल. हे वाक्य मला अजिबात सहन होत नाही. साउथ कॅरोलिनाने डिसेंबर १८६० मध्ये बाहेर पडायची कारणं लिहून ठेवली आहेत, ती वाचावीत. उत्तरेकडची राज्यं आपापले कायदे करून पळालेले गुलाम परत देत नाहीत, ही त्यातली मोठी तक्रार. न्यूयॉर्कचं तर नाव घेऊन म्हटलंय, की तिथली न्यायालयं गुलामाला घेऊन नुसतं त्या राज्यातून जाऊही देत नाहीत. म्हणजे तक्रार हीच, की उत्तरेकडची राज्यं आपले हक्क वापरतात!