‘मॅडम, सर आहेत का?’

फोन उचलून ‘हॅलो’ म्हटलं की पलीकडून हमखास प्रश्न येतो, ‘मॅडम, सर आहेत का घरात?’ मी पन्नाशीचा, मिशीवाला गृहस्थ. शाळेत पोरं ‘बायकी आवाजाचा’ म्हणून चिडवायची तेव्हा रडू यायचं. आता ‘सर बाहेर गेलेत’ एवढं सांगून फोन ठेवतो; कर्ज गळ्यात मारणाऱ्यांपासून सुटका होते. मध्यंतरी मोबाइलवरच्या एका अ‍ॅपनं आवाज मोजून पाहिला. बोलतानाचा माझा स्वर सरासरी 160 हर्ट्झच्या आसपास निघाला, म्हणजे सेकंदाला 160 कंपनं. पुरुषांचा स्वर साधारण 100 ते 130 हर्ट्झ असतो, बायकांचा 190 ते 220च्या घरात. मी बरोबर कुंपणावर.

हा फरक घशात तयार होतो. लहानपणी मुलगा-मुलगी दोघांचे स्वरतंतू जवळपास सारखेच असतात. वयात येताना टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकामुळे मुलांचं स्वरयंत्र मोठं होतं, कंठमणी पुढे येतो, तंतू लांब आणि जाड होतात. जाड तार सावकाश कंप पावते, हे तंबोरा जुळवणाऱ्याला सांगायला नको. आवाज फुटतो आणि जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. शिवाय स्वरयंत्रापासून ओठांपर्यंतची नळी पुरुषांत सुमारे 17 सेंटिमीटर, बायकांत 14-15. नळी लांब तितका आवाजाला घुमारा जास्त. स्वराची उंची आणि हा घुमारा, या दोन गोष्टींवरून कान ‘बाई’ की ‘बुवा’ ते ठरवतो.

इथवर सगळं शरीराचं. पण मग वयात न आलेल्या मुलांचं काय? 1973 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी अशा मुलामुलींचे आवाज ध्वनिमुद्रित करून लोकांना ऐकवले. मुलगा की मुलगी, हे ऐकणाऱ्यांनी बहुतेक वेळा बरोबर ओळखलं. गंमत म्हणजे त्या मुलांचा स्वर मुलींपेक्षा खालचा नव्हताच. फरक होता घुमाऱ्यात, आणि तोही घशाच्या मापातून उलगडेल त्याहून जास्त. संशोधकांना शंका आली की मुलं बोलायची ढब उचलत असावीत. हसऱ्या ओठांनी बोललं की नळी आखूड होते, ओठांचा चंबू करून बोललं की लांब. अलीकडे इंग्लंडमध्ये सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना ‘मुलासारखं बोल, आता मुलीसारखं बोल’ असं सांगितलं, तर त्यांनी स्वर आणि घुमारा दोन्ही बरोबर त्या-त्या दिशेला सरकवले. कुणी शिकवलं नव्हतं, ऐकून-ऐकून कळलेलं.

मोठ्यांचे कान तर त्याहून आधी कामाला लागतात. तीन महिन्यांच्या तान्ह्या मुलामुलींच्या रडण्याच्या स्वरात फरक नसतो. तरी 2016च्या एका अभ्यासात, जरा खालच्या स्वरात रडणारं बाळ लोकांना मुलगा वाटलं आणि वरच्या स्वरातलं मुलगी. त्यातही, ‘हा मुलगा आहे’ असं सांगितल्यावर पुरुष ऐकणाऱ्यांना त्या रडण्यात जास्त त्रास जाणवला. ‘ते बाळ’ असं नपुंसकलिंग वापरून मराठी त्याला थोडी सवड देते. कान तेवढीही देत नाहीत.

सवयीनं आवाज किती घडवता येतो, याचा आपल्याकडचा सर्वांत मोठा पुरावा मी प्रयोगशाळेत नव्हे, नाटकात शोधतो. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, 1905 साली किर्लोस्कर नाटक मंडळीत शकुंतला म्हणून उभे राहिले तेव्हा सतरा वर्षांचे होते. 1911च्या ‘मानापमाना’त भामिनी, 1916च्या ‘स्वयंवरा’त रुक्मिणी, 1919च्या ‘एकच प्याला’त सिंधू. म्हणजे स्वरयंत्र पुरतं वाढलेल्या, संसारी पुरुषानं वर्षानुवर्षं बाई उभी केली. त्यांच्या ध्वनिमुद्रिका आजही ऐकायला मिळतात. मला तरी त्यांत चोरटा, चिरका आवाज कुठे सापडत नाही. आवाज बाईचा वाटतो तो लाडिक वळणांमुळे, स्वर सोडताना केलेल्या हळुवारपणामुळे, शब्द ओठांवर थोडा रेंगाळल्यामुळे. आणि मग उलटी गंगा वाहिली. घरंदाज बायका त्यांच्यासारखी साडी नेसू लागल्या, तसे केस बांधू लागल्या. बाईपण बायकांकडून उचलून एका पुरुषानं घडवलं आणि बायकांनी ते त्याच्याकडून शिकून घेतलं.

हेच काम आज पारलिंगी स्त्रिया, म्हणजे जन्माला येताना मुलगा ठरवल्या गेलेल्या बायका, करतात, टाळ्यांशिवाय. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या पारलिंगी पुरुषाचा आवाज काही महिन्यांत उतरायला लागतो. उलट दिशेला मात्र इस्ट्रोजेन या बायकी संप्रेरकाचा उपयोग नाही: एकदा वाढलेलं स्वरयंत्र पुन्हा लहान होत नाही. त्यामुळे वाचातज्ज्ञाकडे जाऊन रोज रियाज करावा लागतो. नुसता स्वर चढवून भागत नाही, कारण घुमारा तसाच राहिला तर ऐकणाऱ्याला ‘बारीक आवाजाचा पुरुष’ वाटतो. जिभेची जागा, ओठांचा ताण, वाक्याचे चढउतार, सगळं नव्यानं बसवायचं. आपल्यापैकी बाकीच्यांनी हे चौथ्या-पाचव्या वर्षी केलं आणि विसरून गेलो, एवढंच.

शरीरच सगळं ठरवत असतं तर सगळीकडच्या, सगळ्या काळातल्या बायका एकाच पट्टीत बोलल्या असत्या. ऑस्ट्रेलियात 1945 सालच्या तरुण मुलींच्या जुन्या ध्वनिमुद्रिका 1993च्या मुलींशी ताडून पाहिल्या, तेव्हा सरासरी स्वर 229 हर्ट्झवरून 206वर आलेला दिसला. अर्ध्या शतकात घसा बदलत नाही. बदललं ते बायकांचं घराबाहेरचं जगणं, असा तर्क केला जातो आणि मला तो पटतो. जपानी बायका डच बायकांपेक्षा वरच्या पट्टीत बोलतात, हेही मोजलेलं आहे.

साहित्यानं या कामात हातभार लावला नाही असं कुणी म्हणू नये. नायिका मंजुळ बोलणार, नायक धीरगंभीर. खाष्ट सासूचा आवाज कर्कशच असणार. ‘कोकिळकंठी’ ही तर उपमांची पट्टराणी. पण वसंतात आंब्यावरून ‘कुहू’ करणारा पक्षी नर असतो, काळाभोर कोकीळ. ठिपक्याठिपक्यांची मादी नुसतं ‘किक्-किक्’ करते. कवींनी शतकानुशतकं नराचं गाणं मादीच्या नावावर चढवलं, कारण गोड गळा म्हणजे बाईचा, हे आधीच ठरलेलं होतं.

आणि तो गोड गळा हळूही हवा. ‘मुलीच्या जातीनं खालच्या आवाजात बोलावं’ हे ऐकत घरोघरच्या मुली वाढल्या. यात एक भौतिक खोच आहे. मोठ्यानं बोलायला फुप्फुसातून हवा जोरात सोडावी लागते, त्यानं स्वरतंतूंवर दाब वाढतो आणि स्वर आपोआप वर सरकतो. पुरुषाचा 110वरून 150 झाला तरी तो ‘गरजला’ असंच म्हणतात. बाईचा 210वरून 290 झाला की ती ‘किंचाळली’. घडलं दोन्हीकडे तेच, क्रियापदं मात्र वेगळी.

क्रियापदावरून आठवलं. इंग्रजीतल्या ‘मी’ला लिंग लपवता येतं, मराठीत ‘येतो-येते’ म्हणताक्षणी सगळं उघड होतं. एखाद्या वेळी मी खरं सांगितलंच, तर फोनवाला ‘मीच बोलतोय’ ऐकून ओशाळतो, तो त्या ‘तोय’मुळे. कोल्हापूरच्या माझ्या आत्याचं मात्र उलटं. तिकडच्या पुष्कळ बायकांसारखी तीही ‘जातो’, ‘आलो’ असंच म्हणते. परवा तिच्याकडे बसलो असताना असाच एक फोन आला. ‘बोला की, मी बोलतोय,’ आत्या म्हणाली. पलीकडचा जराही अडखळला नाही. ‘काकू,’ तो म्हणाला, ‘काका आहेत का घरात?’