लग्नातील परतीची भेट

परतीची भेट : लग्नाला आलेल्या पाहुण्यांना निघताना यजमान देतात ती लहानशी वस्तू. बोलताना सगळे ‘रिटर्न गिफ्ट’ म्हणतात. मानपान यापेक्षा वेगळा. विहीण, व्याही, मामा, आत्या, करवली यांच्या साड्या-पोशाख नात्याप्रमाणे ठरतात आणि त्यांत कमीजास्त असते. परतीची भेट मात्र मांडवात आलेल्या प्रत्येक घराला सारखीच जाते. गावच्या सरपंचांना जे, तेच घरी धुणीभांडी करणाऱ्या मावशींना. हा सारखेपणा हेच या प्रथेतले सर्वांत सुंदर अंग आहे, आणि निवड अवघड होते तीही त्यामुळेच : वस्तू एकच, घरे दोनशे, पैसे मोजके.

या प्रथेचे जुने रूप म्हणजे पानसुपारी. मनगटाला अत्तर लावायचे, गुलाबपाणी शिंपडायचे, हातात विडा द्यायचा. तो मिळाला की पाहुण्याने निरोप घ्यायचा. सत्यशोधक समाजाच्या रीतीने पहिला विवाह २५ डिसेंबर १८७३ रोजी लागला, तेव्हा बाकीच्या खर्चाला फाटा मिळाला तरी पानसुपारी राहिली होती. आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवू नये, एवढाच त्यामागचा भाव. पुढे विड्याच्या जोडीला नारळ आला, बायकांच्या ओटीत खण आला आणि स्टेनलेस स्टील स्वस्त झाल्यावर वाटी, पेला, डबी आली.

‘परतीची’ हा शब्द आहेराशी जोडलेला आहे. आहेराची वही घेऊन एक विश्वासू माणूस मांडवात बसतो, कोणी काय दिले ते लिहितो, आणि त्या घरी कार्य निघाले की वही उघडून तेवढेच किंवा थोडे चढते दिले जाते. आता पुष्कळ पत्रिकांवर ‘कृपया आहेर आणू नये’ अशी ओळ असते. आहेर थांबला, भेट मात्र चालू राहिली. म्हणजे आजची परतीची भेट कशाची परतफेड नसते. ती किती रुपयांची, हा हिशेब त्यामुळे मनातून काढून टाकता येतो आणि खरा प्रश्न उरतो : ही वस्तू पाहुण्याच्या घरी महिनाभरात वापरायला निघेल का?

हा प्रश्न मराठी बायका दर संक्रांतीला सोडवत आल्या आहेत. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालते आणि त्यात वाण लुटले जाते. चहाची गाळणी, सांडशी, मिठाची बरणी, लहान चाळणी अशी वाणे पन्नास-साठ जणींना द्यायची म्हणजे स्वस्त हवीत, आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीच्या ओट्यावर दिसतील अशीही हवीत. लग्नघरात भेट ठरवायची असेल तर इव्हेंटवाल्याच्या आधी वीस वर्षे वाण निवडणाऱ्या काकूंना विचारावे.

स्टीलची वाटी अजूनही सर्वांत भरवशाची. पुण्यात तुळशीबाग आणि बोहरी आळी, मुंबईत भुलेश्वर आणि क्रॉफर्ड मार्केट, नाशिकला भांडी बाजार, अशा ठिकाणी एकगठ्ठा घेतल्यास भाव उतरतो; घाऊक दुकानात स्टील बहुधा किलोवर मिळते. तिथे गेज विचारावा. गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड. वाटीचा काठ अंगठा आणि बोट यांत धरून दाबावा. दबला तर ती वाटी वर्षभरात पोचे पडून मागच्या फळीवर जाते. मोठी पातळ वाटी घेण्यापेक्षा त्याच पैशांत लहान पण जाड वाटी घ्यावी.

नाव घालायचे काम दुकानातच होते. दुकानदार वाटी उलटी धरतो, विजेवरचे यंत्र लेखणीसारखे चालवतो, आणि घरघर आवाज करत सुईखालून ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरे उमटतात : चि. अमुक, चि. सौ. कां. तमुक, शुभविवाहाप्रीत्यर्थ, खाली तारीख. मराठी घरांत आमटीच्या वाटीच्या बुडाशी अशी दुसऱ्याच घरची नावे सापडतात. भांडी घासताना बोट त्यावरून फिरते आणि लग्न होऊन पंचवीस वर्षे झालेल्या त्या जोडप्याची आठवण निघते. एवढ्या थोड्या पैशांत एवढी टिकाऊ आठवण दुसऱ्या कुठल्या वस्तूने राहत नाही. नाव मात्र बुडाशी, बारीक अक्षरांत असावे. टॉवेलवर, पिशवीच्या दर्शनी बाजूवर किंवा कपावर नवरा-नवरीचा फोटो छापला की ती वस्तू वापरायला माणूस संकोचतो.

पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यातल्या खेड्यांत पुरुषांना टोपी-टॉवेल आणि बायकांना ब्लाउजपीस देण्याची रीत आहे. मान म्हणून ती मोलाची, पण बाजारात यासाठी मिळणारा माल इतका विरळ असतो की घडी न मोडता तो पुढच्या लग्नात जातो, तिथून त्याच्या पुढच्या. अशा फिरत्या ब्लाउजपीसवर गावोगावी किती पैसे अडकून पडतात! टॉवेलच द्यायचा तर सोलापूरचा सुती टेरी टॉवेल घ्यावा. त्याला भौगोलिक मानांकन आहे. पूर्ण आकार परवडत नसेल तर त्याच जातीचा हात पुसायचा नॅपकिन चालतो. कापडावर पाण्याचा थेंब टाकावा. लगेच जिरला तर सूत चांगले, वरच तरंगत राहिला तर सोडून द्यावा. ब्लाउजपीस घेताना तो पुरता ऐंशी सेंटीमीटर आहे ना, हे गठ्ठ्यातला एक उलगडून मोजून पाहावे.

दुसरा चांगला मार्ग वानवळ्याचा. शेतात नवे पीक आले की त्यातले थोडे शेजारी, लेकीबाळींना धाडायचे, तो वानवळा. ज्यांची शेती आहे त्यांनी लग्नात घरचा तांदूळ, हरभऱ्याची डाळ किंवा गूळ अर्धा-अर्धा किलो बांधून द्यावा; याहून आपुलकीची भेट सुचत नाही. शेती नसलेल्यांना सांगलीची हळद, कोल्हापूरचा गूळ, सिंधुदुर्ग-रत्नागिरीचे कोकम घेता येते. या तिन्हींना मानांकन आहे. हळद तर शुभकार्याचीच. पाव किलोचे पुडे महिला बचत गटाकडून भरून घेतले तर पैसा गावात राहतो. पुड्यावर भरल्याची तारीख हवीच. खाण्याची वस्तू संपते आणि घरात जागा अडवत नाही, हा तिचा मोठा गुण.

देवांच्या मूर्ती देऊ नयेत. गणपतीची छोटी मूर्ती हौसेने दिली जाते, पण घेणाऱ्याच्या देवघरात जागा नसते, टाकवत तर मुळीच नाही, आणि ती कपाटात अपराधी भावनेने पडून राहते. काचेची वस्तू एसटीत किंवा लोकलमध्ये सांभाळताना जीव मेटाकुटीला येतो. तुळशीचे किंवा कडीपत्त्याचे रोप द्यायची कल्पना चांगली आहे, पण ते दिवसभर बंद हॉलमध्ये ठेवले तर कोमेजते. रोपे सकाळी रोपवाटिकेतून आणून बाहेर सावलीत ठेवायची तयारी असेल तरच द्यावीत.

खर्च सगळ्यांत जास्त वाचतो तो मोजणीत. जेवणाची पाने माणसी मोजतात, भेट घरटी मोजायची. सहाशे पाहुणे असतील तर घरे साधारण दोनशे भरतात. साठ रुपयांची वस्तू माणसी दिली तर छत्तीस हजार, घरटी दिली तर बारा हजार. वाचलेल्यातून वस्तूचा दर्जा चढवावा. वर दहा टक्के जादा ठेवावेत, कारण आयत्या वेळी येणारे येतातच, आणि स्वयंपाकी, वाढपी, वाजंत्री, हॉलचे सफाई कामगार यांनाही तीच पिशवी द्यायची असते.

बांधणी साधी असावी. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकबंदी आहे. दुकानात ‘कापडी’ म्हणून मिळणारी रंगीत नॉन-वोव्हन पिशवी प्रत्यक्षात पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच असते. सुती मांजरपाटाची पिशवी हीच भेट समजून दिली तरी चालेल. भाजीला ती वर्षानुवर्षे पुरते. तमिळ लग्नांत नारळ, विड्याची पाने आणि सुपारी घालून देतात ती तांबूलाची पिवळी कापडी पिशवी याच समजुतीतली आहे. तमिळनाडू सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये प्लास्टिकविरोधी मोहीम काढली, तेव्हा नावही याच पिवळ्या पिशवीवरून घेतले : मींडुम मंजप्पै, म्हणजे ‘पुन्हा पिवळी पिशवी’.

शेजारच्या रीतीही खाऊकडेच झुकतात. गोव्यात नवरीच्या घरून बोल आणि दोदोल ही गोडे, केळी असे वजें, म्हणजे खाऊची भेट, जाते आणि नवऱ्याकडची माणसे ते शेजारीपाजारी वाटतात. निकाहानंतर खारका वाटतात. श्रीलंकेत सुक्यामेव्याचा केक चिमुकल्या खोक्यांतून पाहुण्यांच्या हाती देतात.

वाटपाची जागा म्हणजे बाहेरच्या दाराशी, बडीशेपेच्या टेबलाजवळ. स्टेजवर दिली तर रांग तुंबते आणि हातात पिशवी घेऊन जेवायला बसावे लागते. टेबलापाशी दोन्ही घरचे माणूस ओळखणारी आत्या किंवा मावशी बसवावी, तिच्याकडे घरांची यादी द्यावी. ती पिशवी हातात देताना ‘जेवलात ना?’ असे विचारते. आजारपणामुळे किंवा लांबच्या प्रवासामुळे जे येऊ शकले नाहीत, त्यांच्या पिशव्या त्याच यादीवरून बाजूला काढून लग्नानंतरच्या सत्यनारायणाच्या प्रसादाबरोबर पाठवाव्यात.