ईपीएबीएक्सला मोडेम का लावायचे? थोडी पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या जुन्या ऑफिसांमध्ये टेलिफोन रूमच्या भिंतीवर फोन सिस्टीम असते, म्हणजे आपण ज्याला ईपीएबीएक्स म्हणतो ती, आणि तिच्या शेजारी बरेचदा एक मोडेम, म्हणजे संगणकाची अक्षरं आवाजात बदलून फोन लाइनवरून नेणारा डबा, धूळ खात असतो. नवीन आलेल्या आयटीवाल्याला वाटतं की कुणीतरी कधीतरी इंटरनेटसाठी लावला असेल. पण त्याचा इंटरनेटशी काही संबंध नव्हता, लांब बसलेल्या टेक्निशियनला फोन लावून त्या सिस्टीममध्ये शिरता यावं म्हणून तो होता, आणि हे का लागलं ते समजून घेण्यासारखं आहे.

आधीच्या रिलेवाल्या, म्हणजे विजेच्या यांत्रिक स्विचवर चालणाऱ्या, बोर्डांमध्ये एक्स्टेन्शन या टेबलावरून त्या टेबलावर न्यायचं तर माणूसच यायला लागायचा आणि वायरी हलवायला लागायच्या. १९७५ साली नॉर्दर्न टेलिकॉमचा (हीच पुढची नॉर्टेल) एसएल-१ आणि कॅलिफोर्नियातल्या रोल्मचा सीबीएक्स आला आणि हेच काम सॉफ्टवेअरमध्ये गेलं. सिस्टीमच्या सिरीयल पोर्टला, म्हणजे अक्षरं ये-जा करतात त्या जोडणीला, टर्मिनल (टाइप करायचा कीबोर्ड आणि पडदा किंवा प्रिंटर) जोडायचं, लॉगिन करायचं, कमांड टाइप करायची. एसएल-१ मध्ये मेमरी इतकी कमी होती की प्रत्येक कामाचा प्रोग्रॅम लागेल तेव्हा लोड करायचा, त्याला ओव्हरले म्हणायचे आणि प्रत्येकाला नंबर असायचा, साध्या फोनसाठी एलडी १०, माहिती छापून बघायला एलडी २०, आणि हेच नंबर पुढे त्याच कंपनीच्या मेरिडियन सिस्टीमवरही चालत राहिले. सगळा कारभार साध्या अक्षरांचा, त्यामुळे ३०० बॉडचा, म्हणजे अगदी हळू, मोडेमही पुरायचा. काम जर टाइप करायचंच असेल तर टेक्निशियनने गाडी काढून जायचं कशाला, खरं कारण एवढंच, बाकी सगळं यातून आलं.

पण फोन लाइनला आपलं स्वतःचं यंत्र जोडणं तेव्हा सोपं नव्हतं. टेक्सासच्या थॉमस कार्टरने बेल कंपनीशी भांडून १९६८ मध्ये एफसीसीकडून (अमेरिकेची दूरसंचार नियामक संस्था) कार्टरफोनचा, म्हणजे रेडिओ फोन लाइनला जोडणाऱ्या त्याच्या यंत्राचा, निकाल मिळवला, तरी सरळ वायर लावायची मुभा प्रत्यक्षात मिळायला सत्तरच्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला. मग १९८१ मध्ये हेज कंपनीचा स्मार्टमोडेम आला, एटी कमांडवाला (एटी अक्षरांनी सुरू होणाऱ्या कमांड ऐकणारा), स्वतः फोन उचलणारा, आणि रस्ता मोकळा झाला.

आता सेटिंग, आणि मला वाटतं खरी कारागिरी इथेच आहे. मोडेमला ऑटो आन्सर द्यायचा, म्हणजे एस-झिरो नावाचं त्याचं सेटिंग एकवर ठेवायचं, की पहिल्या रिंगला तो फोन उचलतो, हे सगळ्यांना माहीत असायचं. पण फोन आला की मोडेम सिरीयल पोर्टवर रिंग, कनेक्ट असे शब्द पाठवतो, सिस्टीमला ते कुणीतरी टाइप केलेल्या कमांडसारखे दिसतात, ती त्यावर एरर पाठवते, मोडेमचा एको (आलेलं अक्षर परत पाठवणं) चालू असेल तर तोच एरर परत सिस्टीमकडे जातो आणि दोघंही एकमेकांना उत्तरं देत बसतात, पोर्ट अडकतो. म्हणून एको बंद, रिझल्ट कोड (तेच रिंग, कनेक्ट असे शब्द) बंद, म्हणजे मोडेम मुका करून ठेवायचा. यूएस रोबॉटिक्सच्या कुरिअर मोडेमला यासाठी डिप स्विच, म्हणजे हाताने सरकवायचे छोटे स्विच, होते आणि लाइट गेली तरी ते सेटिंग जागचं हलत नसे, टेक्निशियन लोकांना तो आवडायचा तो उगाच नाही. दुसरी गोष्ट लाइनची. मोडेम त्याच सिस्टीमच्या एक्स्टेन्शनवर लावला तर सिस्टीम बंद पडली की मोडेमही गेला, नेमका गरजेच्या वेळी, म्हणून बाहेरून आलेली थेट लाइन द्यायची, बऱ्याच ठिकाणी फॅक्सचीच. एटी अँड टीच्या डेफिनिटीसारख्या मोठ्या सिस्टीम तर बिघाड झाला की स्वतःच सर्व्हिस सेंटरला फोन लावून अलार्म द्यायच्या.

हीच सोय चोरांनाही मिळाली. संगणकावरून एकामागून एक नंबर फिरवायचे, कुठे मोडेम उचलतो ते बघायचं आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड मारून बघायचा, तो बरेचदा कुणी बदललेलाच नसायचा. एकदा आत शिरलं की बाहेरून येऊन बाहेरच कॉल लावायची सोय, म्हणजे डिसा, चालू करायची आणि परदेशी कॉल दुसऱ्याच्या बिलावर. डिसाच्या अशा गैरवापरावर १९९३ मध्ये मेरीलँडच्या फेडरल कोर्टाने जिफी ल्यूब कंपनीला सांगितलं की कॉल चोरांनी केले तरी बिल तुम्हीच भरायचं. लहान धंदेवाल्यांवर हा फार मोठा बोजा होता, मला तर तो अन्यायच वाटतो, कारण पासवर्ड बदला हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसायचं. मग परत फोन करणारे डायलबॅक मोडेम आले, दर वेळी वेगळा कोड विचारणारी कुलपं आली, आणि २००१ मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेने पीबीएक्सच्या, म्हणजे अशाच फोन सिस्टीमच्या, कच्च्या जागांवर वेगळी पुस्तिकाच काढली, त्यात रिमोट मेंटेनन्सचा पोर्ट ठळकपणे आहे.

आता नॉर्टेलच राहिली नाही, २००९ च्या जानेवारीत दिवाळखोरीत गेली आणि तिचा हा धंदा अव्हाया कंपनीने घेतला. सिस्टीम मात्र काही ठिकाणी अजून चालू आहेत आणि नवीन अडचण लाइनची आहे, फोन कंपनी तांब्याच्या तारेच्या जागी व्हीओआयपी, म्हणजे इंटरनेटवरून चालणारा फोन, देते आणि त्यात मोडेमचा आवाज तुटतो. त्यावर जुनाच उपाय चालतो, मोडेमचा वेग १२०० किंवा २४०० वर बांधून टाकायचा, निदान लॉगिन तरी टिकतं. ब्रिटनमध्ये जुनं टेलिफोन नेटवर्क जानेवारी २०२७ पर्यंत बंद करायचं ठरलंय, तिथे ज्यांच्याकडे असे मोडेम उरलेत ते मोडेम काढून त्याच सिरीयल पोर्टला नेटवर्कचा किंवा सिमकार्डचा डबा लावू शकतात, पोर्ट आणि कमांड त्याच राहतात.