स्थितिस्थापक मेटामटेरियल

घन पदार्थातून जाणारी कंपने अडवण्यासाठी किंवा हव्या त्या दिशेला वळवण्यासाठी मुद्दाम घडवलेली रचना. ती कशाची केली आहे यापेक्षा तिच्या आत काय, किती अंतरावर आणि कसे मांडले आहे यावर तिचे गुण ठरतात.

विदर्भातल्या वणी, घुग्घुस या कोळसापट्ट्यात खुल्या खाणीत सुरुंग उडाला की जवळच्या गावांतल्या घरांत फळीवरची भांडी वाजतात. सगळी सारखी वाजत नाहीत. एखादा गंज खणखणत राहतो आणि शेजारचा पितळी गुंड ढिम्म असतो. प्रत्येक वस्तूची स्वतःची वारंवारता, म्हणजे सेकंदाला किती वेळा थरथरायचे तो आकडा, असते. हादरा तिच्याशी जुळला की ती वस्तू त्यातली ऊर्जा ओढून घेते. हे तंत्र याच अनुनादावर उभे आहे.

२००० साली हाँगकाँगच्या संशोधकांनी शिशाच्या सुमारे १ सेंटिमीटरच्या गोळ्यांवर सिलिकॉन रबराचा थर चढवला आणि त्या इपॉक्सी या कडक रेझिनमध्ये बसवल्या. शिसे म्हणजे वजन, रबर म्हणजे स्प्रिंग. ४०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४०० कंपनांच्या, आसपास गोळी लाटेच्या उलट हलू लागते आणि लाट तिथेच अडते. लाटेची लांबी मात्र गोळ्यांमधल्या अंतराच्या कितीतरी पट असते. नुसत्या नियमित मांडणीने लाट अडवायची तर तेच अंतर साधारण अर्ध्या लाटेइतके ठेवावे लागते. लहान रचनेने मोठी लाट थोपवणे, हे या प्रयोगाचे खरे मोल.

जमिनीत काम अवघड होते. मातीत पृष्ठलाट, म्हणजे जमिनीच्या वरच्या थरातून जाणारी लाट, सेकंदाला २०० मीटर धावत असेल, तर १० हर्ट्झला तिची लांबी २० मीटर भरते. २०१२ मध्ये फ्रान्समध्ये ग्रेनोबलजवळ जमिनीत सुमारे ५ मीटर खोल भोकांच्या रांगा पाडून ५० हर्ट्झची कंपने परतवली गेली. त्याच देशातल्या लांद भागात २०१६ मध्ये पाइनच्या झाडांवर प्रयोग झाला; तिथे खोडेच अनुनादक ठरली. म्हणून खाणीच्या कडेला सागवान लावले की भागले, असे समजू नये. सुरुंगाचे हादरे बरेचदा या प्रयोगांतल्या कंपनांहून कमी वारंवारतेचे असतात, आणि घराला तेच जास्त बाधतात. भारतातल्या खाण सुरक्षा नियमांत गावातल्या घरांसाठी २५ हर्ट्झच्या वर सेकंदाला १५ मिलिमीटर कंपनवेग (जमीन जागच्या जागी हलण्याचा वेग) चालतो, ८ हर्ट्झच्या खाली फक्त ५.

त्यात विदर्भाची काळी माती. उन्हाळ्यात ती हातभर भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि लाटेचा वेगही तिच्याबरोबर बदलतो. वैशाखात जुळवलेली रचना श्रावणात पुन्हा मोजूनच पाहावी लागेल.